हॅलोविनला आजी-आजोबांची खुर्ची कुठे असावी?

ऑक्टोबर अर्ध्यावर आला की आमच्या मुलुंडच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन वाद ठरल्यासारखे सुरू होतात. पहिला फटाके कुठे वाजवायचे याचा आणि दुसरा हॅलोविन साजरा करावा की नाही याचा. पहिल्या वादाचा निकाल दरवर्षी वेगळा लागतो. दुसऱ्याचा निकाल मुलांनी केव्हाच लावून टाकला आहे, कारण कमिटीची परवानगी असो वा नसो, ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी काळे झगे घातलेली आणि प्लास्टिकचे सुळे लावलेली पोरे पिशव्या घेऊन मजल्यामजल्यावर फिरतातच. त्यामुळे हा सण आपला की परका या चर्चेत मला आता रस उरलेला नाही. माझे लक्ष असते ते त्या संध्याकाळी घराघरांत बसून असलेल्या, गुडघ्यांनी, खुब्याने किंवा अर्धांगवायूने चालणे हिरावून घेतलेल्या वृद्धांकडे. त्यांच्या बाबतीत बहुधा दोनच गोष्टी घडतात. एक तर ‘गर्दीत धक्का लागेल’ म्हणून त्यांना आतल्या खोलीत टीव्हीसमोर बसवून दार ओढून घेतले जाते, नाही तर मानाची जागा म्हणून खाली पोडियमवर, म्हणजे सोसायटीच्या सामाईक मोकळ्या जागेत, पहिल्या रांगेत, नेमक्या स्पीकरच्या तोंडाशी, हात नसलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत नेऊन बसवले जाते.

माझे म्हणणे असे आहे की चालता न येणाऱ्या माणसासाठी हॅलोविन हा आपल्या बहुतेक सार्वजनिक सणांपेक्षा अधिक सोयीचा सण आहे, आणि खुर्ची योग्य जागी ठेवली तर तो त्यांच्या हक्काचाही होऊ शकतो. गणपतीच्या दर्शनाला रांग लावावी लागते, विसर्जनाला मिरवणुकीबरोबर चालावे लागते, दहीहंडीला चौकात उभे राहावे लागते, गरब्याला तर पायच हवेत. हॅलोविनमध्ये मात्र एका पक्षाने दारोदार फिरायचे असते आणि दुसऱ्या पक्षाने घरी थांबून दार उघडायचे असते. हा दुसरा पक्ष जसा पंचविशीतला असू शकतो तसा पंचाऐंशीतलाही असू शकतो. आपल्याकडच्या जुन्या मंडळींना ही रीत नवीन नाही. संक्रांतीला चाळीतील पोरे तिळगूळ मागत आणि दसऱ्याला आपट्याची पाने घेऊन घरोघर जात, तेव्हा दाराशी पाटावर किंवा खुर्चीवर बसून हातावर काहीतरी ठेवणारी आजी प्रत्येक बिऱ्हाडात असे. त्या आजीचे काम तिला परत द्यायचे, एवढेच करायचे आहे. सुरक्षिततेची सगळी व्यवस्था मग त्या खुर्चीभोवती आखता येते.

हॅलोविनच्या इतिहासात फार खोल जाण्याचे कारण नाही. आयर्लंड-स्कॉटलंडकडच्या केल्टिक लोकांचा सुगी संपून हिवाळा सुरू होतानाचा सण आणि ख्रिस्ती परंपरेतील १ नोव्हेंबरचा सर्व संतांचा दिवस यांच्या संगमातून ही ३१ ऑक्टोबरची रात्र आकाराला आली. आयरिश लोक सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. ते एकोणिसाव्या शतकात मोठ्या संख्येने अमेरिकेत गेले आणि तिथे त्यांना कोरायला सोपा असा भोपळा मिळाला. आपल्या मुंबईत वांद्रे, कालिना, ओर्लेमपासून पुढे वसईपर्यंतच्या कॅथलिक वस्त्यांमध्ये याच सुमारास, म्हणजे २ नोव्हेंबरला, आप्तांच्या कबरींवर फुले वाहून मेणबत्त्या लावल्या जातात. आमच्या इमारतीतील एका ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईच्या मूळच्या कॅथलिक समाजातील, आजींना भुताखेतांचे मुखवटे मुळीच आवडत नाहीत, पण मुले आली की त्या खाऊ देतात आणि ‘परवा माझ्याबरोबर दफनभूमीत फुलं घेऊन कोण येणार?’ असे विचारतात. मला हा व्यवहार अगदी रास्त वाटतो.

आता खुर्चीकडे वळते. माझ्या सासूबाईंच्या खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झाल्यापासून त्या वॉकरने चालतात. घरातल्या घरात त्यांचे नीट चालते, पण उभ्या उभ्या एखादे काम करायचे म्हटले की दोन्ही हात वॉकरवर अडकलेले असतात. हे वाक्य मी मुद्दाम लिहिले, कारण वॉकर वापरणाऱ्या माणसाला मोकळा हातच नसतो, ही साधी गोष्ट उत्साही नातेवाइकांच्या लक्षात येत नाही. दारावरची घंटा वाजल्यावर आईंनी उठावे, दार उघडावे आणि खाऊही द्यावा अशी अपेक्षा ठेवली तर पडण्याची तिन्ही कारणे एकाच मिनिटात जमा होतात. म्हणून आमच्याकडे त्या आधीपासूनच दाराशी बसलेल्या असतात. खुर्ची जेवणाच्या टेबलाची, भक्कम, दोन्ही बाजूंना हात असलेली आणि साधारण ४५ सेंटिमीटर उंचीची आहे. सोफा खोल असतो, त्यातून उठताना सगळा भार गुडघ्यांवर येतो. प्लास्टिकची खुर्ची हलकी असल्यामुळे हातांवर रेटा देताच मागे सरकते. खुर्ची उंबऱ्याच्या आत, दाराच्या एका बाजूला तिरकी ठेवायची, म्हणजे बाहेरचे तोंड दिसते आणि मुलांच्या वाटेत पाय येत नाहीत. खाऊचा डबा मांडीवर न ठेवता हाताच्या उंचीच्या स्टुलावर ठेवायचा. वॉकर नजरेआड न नेता उजव्या हाताला, पोचेल इतक्या अंतरावर ठेवायचा; मात्र उठताना वॉकर ओढून उठायचे नाही, तर दोन्ही हातांनी खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठायचे आणि मग वॉकर धरायचा. हे फिजिओथेरपिस्ट शिकवतात आणि सणाच्या गडबडीत सगळेच विसरतात.

दीड-दोन तास बसून राहिलेल्या माणसाला एकदम उभे केले की पायांत उतरलेले रक्त मेंदूपर्यंत वेळेवर पोचत नाही. उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा रक्तदाब २० किंवा त्याहून अधिक अंकांनी घसरला तर त्याला डॉक्टर एक स्वतंत्र दोष मानतात, आणि रक्तदाबाच्या, प्रोस्टेटच्या किंवा पार्किन्सनच्या गोळ्या चालू असलेल्यांमध्ये तो पुष्कळ आढळतो. उठण्यापूर्वी बसल्या जागी पावले वरखाली हलवणे, खुर्चीच्या कडेला येऊन क्षणभर थांबणे आणि उभे राहिल्यावर लगेच पाऊल न टाकणे एवढे केले तरी घेरी टळू शकते.

सजावटीच्या बाबतीत मी थोडी हट्टी आहे. हॅलोविनची सजावट म्हणजे अंधार, अशी समजूत झाली आहे, आणि वृद्धांच्या दृष्टीने तेच सर्वांत वाईट आहे. वय वाढते तसे डोळ्याची बाहुली लहान होते आणि भिंग पिवळसर पडते. त्यामुळे साठीतील माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतील माणसाच्या मानाने साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोचतो, आणि उजेडातून अंधारात आल्यावर डोळे सरावायलाही अधिक वेळ लागतो. ३१ ऑक्टोबरला मुंबईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुले फिरत असतानाच बाहेर अंधार पडतो. लॉबीतल्या ट्यूबलाइट बंद करून लुकलुकणारे जांभळे दिवे लावण्याचा प्रस्ताव दरवर्षी येतो, आणि आम्ही काही जण दरवर्षी सुचवतो की भिंतींवर हवी तेवढी भुते चिकटवा, जमिनीवरचा उजेड मात्र तसाच ठेवा. डोक्याच्या उंचीच्या वर वाटेल ती सजावट करावी, गुडघ्याच्या खाली काहीही करू नये, हा माझा नियम आहे. कापसाची कोळिष्टके जमिनीपर्यंत लोंबली की वॉकरच्या पायांत अडकतात, फरशीवर सांडलेली रांगोळी त्याच्या रबरी टोकांखाली सरकते, आणि एक्स्टेन्शन बोर्डाची वायर तर पायात येण्यासाठीच जन्माला आलेली असते. ती भिंतीच्या कडेने नेऊन रुंद चिकटपट्टीने पक्की करावी, आणि पायपुसणे त्या दिवसापुरते उचलून ठेवावे.

याच निमित्ताने वॉकर उलटा करून त्याच्या चारही पायांची रबरी टोके पाहावीत. आमच्या वॉकरच्या एका पायाचे रबर झिजून आतील ॲल्युमिनियमची कड बाहेर आली होती. वरून पाहणाऱ्याला ते दिसणे शक्य नव्हते, आणि ओल्या फरशीवर ती कड काचेवर ठेवल्यासारखी घसरली असती. ही रबरे औषधांच्या किंवा सर्जिकल सामानाच्या दुकानात सुटी मिळतात. वॉकर सजवण्याचा मोह मुलांना होतोच, आणि तो होऊ द्यावा, फक्त झालर, ओढणी किंवा जड पिशवी पुढच्या दांडीला लटकवू नये, कारण तोल पुढे जातो आणि पाऊल कुठे पडते तेही दिसत नाही. वरच्या दांडीला घट्ट गुंडाळलेली बॅटरीची दिव्यांची माळ मात्र चांगली. ती शोभेचीही आहे आणि अंधारात धावत येणाऱ्या पोरांना वॉकर दुरून दिसतो.

चौथ्या मजल्यावरच्या काकांना पार्किन्सन आहे. ते दिवाणखान्यात बऱ्यापैकी चालतात, पण दाराच्या चौकटीशी आले की पाय जमिनीला खिळल्यासारखे होतात. अरुंद जागा, वळण आणि घाई या तिन्ही गोष्टींनी असा अडथळा येतो, आणि त्यांच्या घरच्यांनी एके वर्षी नेमक्या चौकटीतच दोन भोपळे मांडून ती आणखी अरुंद केली होती. काका भोपळ्यांकडे पाहत उभे राहिले आणि मागून सगळे ‘चला, चला’ म्हणत राहिले, त्याने पाय अधिकच अडले. शेवटी त्यांच्या नातीने पुढे उभी राहून ‘आजोबा, डावा-उजवा’ असा कवायतीचा ठेका धरला, तेव्हा ते निघाले. ठेका किंवा जमिनीवरची ठळक आडवी पट्टी यांचा अशा रुग्णांना उपयोग होतो, हे त्यांच्या डॉक्टरांनी आधीच सांगितलेले होते. भोपळे आता चौकटीपासून दूर, कपाटावर असतात.

खाली पोडियमवर कार्यक्रम ठेवायचाच असेल तर तीन गोष्टी आधी पाहाव्यात. पहिली उताराची. उतार एकास बारा असावा, म्हणजे १५ सेंटिमीटरची एक पायरी चढवण्यासाठी किमान १.८ मीटर लांबीचा रॅम्प लागतो. पायरीवर टेकवलेली दोन फुटी फळी हा रॅम्प नव्हे, ती घसरगुंडी आहे. दुसरी लिफ्टची. कार्यक्रम संपताच सगळे एकदम लिफ्टकडे धावतात, म्हणून व्हीलचेअरवाल्यांना दहा मिनिटे आधी वर पाठवावे. गिरगाव-दादरकडच्या लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींत मात्र वृद्धांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी जिन्यावरून उतरवण्याचा पराक्रम करू नये. तिथे गॅलरी ही अधिक चांगली जागा आहे; आपल्या दारासमोर गॅलरीत खुर्ची टाकली की अख्खा मजला समोर असतो, फक्त मागून जाण्यापुरती वाट मोकळी ठेवावी.

तिसरी गोष्ट कोणी तोंडाने बोलत नाही, ती म्हणजे स्वच्छतागृहाची. ‘मला कंटाळा आला आहे, तुम्ही जा’ असे सांगणाऱ्या ज्येष्ठांपैकी अनेकांचा खरा अडसर हाच असतो. खालचे एकमेव स्वच्छतागृह वॉचमनच्या केबिनमागे, भारतीय पद्धतीचे आणि दोन पायऱ्या चढून असते, आणि लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्या किंवा घाईची तक्रार असणाऱ्या माणसाला वरच्या मजल्यावर वेळेत पोचता येईल की नाही याची धास्ती वाटते. मग काही जण दुपारपासून पाणी पिणेच बंद करतात, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात ते चक्कर येण्याला आमंत्रणच ठरते. तळमजल्यावरील एखाद्या कुटुंबाने आपले कमोड असलेले स्वच्छतागृह त्या दोन तासांसाठी मोकळे ठेवले आणि हे प्रत्येक ज्येष्ठाला आधी, खासगीत, सांगितले, तर खाली येणाऱ्यांची संख्या वाढते. आमच्याकडे ती जबाबदारी घेणाऱ्या वहिनींनी त्याचा कधी गाजावाजा केला नाही, आणि त्यामुळेच ती व्यवस्था टिकली.

वेशभूषेबद्दल थोडक्यात सांगते. पायघोळ झगा नको, सैल चपला नकोत आणि तोंडावर मुखवटा मुळीच नको, कारण मुखवट्यामुळे खालचे व बाजूचे दिसत नाही, चष्मा घसरतो आणि श्रवणयंत्र शिट्टी मारू लागते. मुंबईत त्या दिवसांत संध्याकाळीही घामाच्या धारा लागतात, तेव्हा नायलॉनचे पोशाख टाळून नेहमीच्या सुती साडीवर किंवा सदऱ्यावर एखादी हलकी टोपी पुरे. आमच्या आईंनी गेल्या खेपेस नऊवारीच्या जुन्या पदराचा तुकडा डोक्यावरून घेऊन कपाळावर आडवे कुंकू लावले, आणि मुलांनी त्यांना परस्पर ‘हडळ आजी’ ठरवून टाकले. त्यावर त्या प्रसन्न होत्या.

इथून मी सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्याकडे येते. खाऊ वाटणे हे काम चांगले आहे, पण त्याहून मोठे काम आपल्या ज्येष्ठांकडे पडून आहे, आणि ते म्हणजे भुतांच्या गोष्टी. अमेरिकेतून आलेल्या झोंबी आणि चेटकिणींपेक्षा कोकणातल्या भुतांची जातकुळी कितीतरी समृद्ध आहे. मुंज होऊन लग्नाआधी गेलेल्या मुलाचा पिंपळावर राहणारा मुंजा, रात्रीच्या वाटसरूला त्याच शेताभोवती फिरवत ठेवणारा चकवा, पाण्यात दबा धरून बसलेला गिऱ्हा, बाळंतपणात गेलेल्या बाईची हडळ, अमावास्येला मशाली घेऊन निघणारी वेताळाची पालखी, गावाची राखण करणारा देवचार, ही सगळी मंडळी आता फक्त ऐंशीच्या आसपासच्या माणसांच्या तोंडी जिवंत आहेत. आई दापोलीकडच्या. आमच्या दिवाणखान्यात त्या खुर्चीवर बसतात, समोर सतरंजीवर मुले बसतात, मोठा दिवा मंद केला तरी आईंच्या पायांशी आणि स्वच्छतागृहाच्या वाटेवर एकेक दिवा चालू असतो, आणि त्या चकव्याची गोष्ट सांगतात. वाटसरू बांधावरून चालतो आहे, मागून कोणीतरी येते आहे, तो थांबला की तेही थांबते. इथे आई बोलणे थांबवतात आणि वॉकरचा एक पाय किंचित उचलून फरशीवर टेकवतात. टुक. मग पुन्हा, टुक. पहिल्यांदा हे केले तेव्हा पुढच्या रांगेतला सहावीतला दांडगा मुलगा उठून थेट माझ्या नवऱ्याच्या मांडीत जाऊन बसला. ज्या वस्तूची आईंना चारचौघांत लाज वाटत असे, ती त्या दिवसापासून त्यांच्या गोष्टीतले एक पात्र झाली.

बोलण्याला दम लागतो, म्हणून एका बैठकीत एकच गोष्ट ठेवावी, जवळ कोमट पाणी असावे, आणि आवाज क्षीण असेल तर कॉलरला लावायचा छोटा माइक द्यावा. अर्धांगवायूमुळे ज्यांची वाचा गेली आहे त्यांनाही यात जागा आहे. आमच्याकडे असे एक आजोबा गोष्टीच्या वेळी आवाजाचे खाते सांभाळतात. डाव्या हाताने चिंचोके भरलेला डबा हलवला की पाचोळ्यावरची पावले होतात आणि स्टीलच्या वाटीवर चमचा घासला की अंगावर काटा येतो. कोणत्या वाक्याला काय वाजवायचे हे ते आणि आई आदल्या दिवशी फोनवर ठरवतात, म्हणजे आई बोलतात आणि ते वाटी वाजवून होकार देतात.

गोष्ट सांगण्याचा स्वभाव नसेल तर भोंडल्यातली खिरापत आहेच. झाकलेला डबा कानाशी नेऊन हलवायचा आणि आत काय आहे ते मुलांनी ओळखायचे, हा खेळ जागेवरून न उठता घेता येतो आणि मुलांना तो फुकट मिळणाऱ्या चॉकलेटपेक्षा अधिक आवडतो.

तथापि सगळ्यांनाच यात ओढू नये. स्मृतिभ्रंश असलेल्या अनेकांना संध्याकाळ झाली की अस्वस्थता वाढते. त्यांच्या दाराशी मुखवटे घातलेली टोळी येणे म्हणजे करमणूक नसून खरोखरची भीती असते, आणि ज्यांना भास होतात त्यांच्या बाबतीत तर ती रात्रभर टिकू शकते. अशा घरातील मंडळींनी दुपारी चारला, उजेडात, दोन-तीन ओळखीच्या मुलांना मुखवट्याशिवाय बोलवावे, किंवा सरळ दारावर ‘आज नको’ अशी पाटी लावावी आणि मुलांनी ती पाळावी. वर्षभरात ज्या घरात मृत्यू झाला आहे त्या मजल्यावर थर्माकोलच्या कबरी आणि सांगाडे लावू नयेत. ऐंशी ओलांडलेल्या माणसाने लिफ्टमधून बाहेर पडताच समोर शवपेटी पाहावी यात विनोद कोणता, हे मला अजून कोणी समजावून सांगितलेले नाही. धुराचे यंत्रही बंद जागेत नको, कारण दमा किंवा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्याला त्या धुराने खोकल्याची उबळ येते. घरी ऑक्सिजन चालू असेल तर त्या खोलीत पणती, मेणबत्ती, उदबत्ती काहीही पेटवू नये. एलईडी पणत्या वापराव्यात, पण त्यांतील नाण्यासारखा चपटा सेल स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणाखाली आहे ना, ते पाहावे. लहान मुलाने तो गिळला तर दोन तासांच्या आत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न वेगळा आहे. वर्षभर आपण त्यांना अनोळखी माणसाला दार उघडू नका असे बजावतो आणि एका संध्याकाळी मुखवटा घातलेल्याला दार उघडा म्हणतो, हे विसंगत आहे. आमच्याकडे म्हणून वेळ ठरलेली आहे, साडेपाच ते साडेसात. प्रत्येक टोळीबरोबर सोसायटीतील एक मोठे माणूस असते, ते आधी नाव सांगते, मुले मुखवटे वर करतात आणि मगच जाळीचे सेफ्टी डोअर उघडते. त्या वेळेनंतर वाजलेल्या घंटेला उत्तर द्यायचे नाही. १४५६७ हा ज्येष्ठांच्या राष्ट्रीय मदतवाहिनीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मोठ्या अक्षरांत फोनजवळ लिहिलेला असावा, पण तो तर एरवीही असावा. २०२४ मध्ये ३१ ऑक्टोबरलाच नरकचतुर्दशी आली होती. पहाटे अभ्यंगस्नानासाठी उठलेली आणि दिवसभर पाहुण्यांना सामोरी गेलेली वृद्ध मंडळी संध्याकाळपर्यंत पार थकून गेली होती, त्या वर्षी आम्ही वेळ निम्म्यावर आणली.

खाऊ देणाऱ्याच्या तोंडातही जातोच, हे लक्षात घेऊन तो निवडावा. चिकट टॉफी आणि कडक चिक्की कवळीला चालत नाहीत, आणि ज्यांना गिळायला त्रास होतो त्यांच्यासाठी त्या धोक्याच्याच आहेत. वेष्टनातले राजगिऱ्याचे लाडू किंवा खजुराच्या वड्या मुलांनाही चालतात, मात्र मधुमेह्यांनी तेही बेतानेच खावेत. संधिवाताच्या बोटांना गुंडाळलेले पुडके उघडता येत नाही, तेव्हा एकेक नग आधीच सुटा करून ठेवावा.

भोपळा कोरण्याचे काम वृद्धांच्या हाती देऊ नये. आपल्या लाल भोपळ्याची साल अशी टणक असते की भाजीवालाही तो कोयत्याने फोडून फाका विकतो. अख्खा भोपळा हवा असेल तर दोन दिवस आधी सांगून ठेवावा लागतो. तो टेबलावर घडी केलेल्या ओल्या फडक्यावर बसवला की घरंगळत नाही, आणि जाड मार्करने, खडूने किंवा टिकल्यांनी त्याचे तोंड रंगवणे थरथरत्या हातालाही जमते. वाकडे दात आले तर ते भुताला शोभतातच. भोपळ्यात बसून लेकीकडून परतणारी, वाघाला चकवणारी आपल्या गोष्टीतली म्हातारी मुलांना याच वेळी सांगावी, कारण चालायची पंचाईत असलेल्या माणसासाठी तिच्याइतके उत्तम वाहन कोणाला मिळालेले नाही.

न कोरलेला भोपळा लवकर खराब होत नाही हा आणखी एक फायदा. रंगवलेली साल दुसऱ्या दिवशी जाड काढून टाकली की आतला गर घारग्यांना येतो. गर किसून गुळाबरोबर शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, थोडे तांदळाचे पीठ, वेलची आणि तेलाचे मोहन घालून घट्ट मळायचे, आणि तळण्याचे काम उभे राहू शकणाऱ्याने करायचे. थापण्याचे काम आई खुर्चीवर बसून, पुढ्यात पोळपाट घेऊन करतात. हे सगळे सकाळचे. सजावट मात्र सकाळपर्यंत ठेवायची नाही. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना कोणी वायरीत अडकू नये म्हणून शेवटची टोळी गेल्यावर लगेच माळा, पट्ट्या आणि कोळिष्टके काढायची, पणत्यांतले सेल मोजून डब्यात टाकायचे, उचललेले पायपुसणे त्याच्या जागी न पसरता खुंटीवरच राहू द्यायचे, आणि दाराशी ठेवलेली खुर्ची जेवणाच्या टेबलाशी परत न्यायची, कारण आईंचे जेवण तोवर अर्धा तास उशिरा झालेले असते आणि इन्सुलिन घड्याळावर चालते.